उतारवयातील योगासने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उतारवयात बायकांनी योगासने करावीत काय, या विषयावर मला बोलावयास सांगितले आहे. विचारणाऱ्यांचा रोख मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतील एका आजींना मी आसने शिकायला या म्हटले, तर त्या म्हणाल्या, "माय, आते काय उड्या मारानं वय शे का?" सगळ्याजणी हसल्या. परंतु त्याच आजी जमिनीवर बसल्या की त्यांना उठवायला दोघी लागतात. मला बोलायचे आहे ते उड्यांविषयी नव्हे, या उठण्याबसण्याविषयी.

कित्येकींना वाटते की योगासने हे पुण्यामुंबईचे खूळ आहे. तसे नाही. तापीपलीकडे आपले अमळनेर आहे ना, तेथील खानदेश शिक्षण मंडळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. १९२० साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२३ मध्ये ते महाविद्यालय बंद पडले आणि पुढच्याच वर्षी, १९२४ साली, त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम काढला. हेच स्वामी कुवलयानंद. योगाने शरीरात नेमके काय घडते हे यंत्रे लावून पाहणारा हा माणूस. चमत्काराच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत, म्हणून मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो. १९२७ साली गांधीजींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली, तेव्हा त्यांनी या स्वामींचा सल्ला घेतला होता. गांधीजींचे वय तेव्हा ५७ होते. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणींएवढे!

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार करण्यात आयुष्य घालविले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार नव्वदी उलटल्यावरही आसने करीत. २०१४ साली ते वारले, तेव्हा ९५ वर्षांचे होते. बेल्जियमच्या राजमातेला त्यांनी ऐंशीच्या आसपास शीर्षासन शिकविले. आपण मात्र शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये! अय्यंगारांची घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ज्याला जमत नाही त्याला त्यांनी खुर्ची, दोर, पट्टा, लोड यांचा आधार देऊन आसन करायला लावले. आधार घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्यामुळे पुष्कळांना कळले.

आता, "घरकाम हाच आमचा व्यायाम" असे म्हणणाऱ्या भगिनींना माझे उत्तर. आपल्या आज्या जात्यावर दळीत, नदीवरून पाणी आणीत, चुलीपुढे उकिडव्या बसून भाकरी थापीत. दिवसातून पन्नास वेळा त्यांची उठबस होई. आता ओट्यापाशी उभे राहायचे, मिक्सरचे बटन दाबायचे आणि दुपारी खुर्चीत बसून दूरदर्शन पाहायचे. जुने कष्ट गेले ते बरेच झाले, मला ते परत नकोत. परंतु त्यांच्याबरोबर उठबसही गेली. शिवाय जे काम उरले आहे त्यात आपण सदा पुढेच वाकतो. हात डोक्यावर जाणे, छाती उघडणे, पाठ मागे ताणणे, यांतले भांडी घासताना काय होते?

पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. त्यातच मांड्या दुबळ्या झालेल्या आणि तोल सुटलेला. मग न्हाणीघरात पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते, धुळ्याला न्यावे लागते, आणि घरची सून सहा सहा महिने अंथरुणाशी बांधली जाते. असे एकही घर माहीत नाही अशी आपल्यापैकी कोणी असेल, असे मला वाटत नाही. एकदा पडलेली बाई भीतीने हिंडणे सोडते, हिंडणे सोडल्याने पाय आणखी दुबळे होतात, आणि ती पुन्हा पडते. सुनाही मायेने म्हणतात, "आई, तुम्ही बसा." ही माया जरा आवरती घेतली पाहिजे.

प्रारंभ सोपा आहे. भिंतीला खुर्ची टेकवावी, तीवर बसावे आणि हातांचा आधार न घेता उठावे. पाच वेळा. जमेना तर एक हात टेकावा. मग भिंतीजवळ ताडासन: हात वर, टाचा किंचित उचललेल्या. खुर्चीची पाठ धरून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे. उताणे निजून गुडघे उभे ठेवून कंबर उचलणे, हे सेतुबंधासन. पाठीला व मांड्यांना फार चांगले. शेवटी शवासन. त्यातून उठताना एकदम सरळ उठू नये, कुशीवर वळून, हात टेकून उठावे. चक्कर येत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलते, कारण येथे आपण बायकाच आहोत. खोकताना, हसताना लघवीचे थेंब जाणे हे पुष्कळजणींना आहे आणि एकही सांगत नाही. त्यापायी भजनाला जाणे सुटते, एस. टी. चा प्रवास सुटतो, काहीजणी तर पाणी पिणेच सोडतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते किती वाईट! यावर योगात मूलबंध आहे. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो तेच निवांत बसून आवळावेत, पाच अंक मोजावेत, पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये. डॉक्टरीणबाईही हेच करायला सांगतात. गुण यायला दोनतीन महिने लागतात. तरीही न आल्यास त्यांना दाखवावे, लाजू नये.

काय करू नये तेही ऐका. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले असेल तर कंबरेतून खाली वाकून पायाचे अंगठे धरू नयेत, मणका दबण्याचा धोका असतो. गुडघे दुखतात त्यांनी पद्मासन, वज्रासन यांचा हट्ट सोडावा. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोके खाली जाईल असे आसन नको. आणि रक्तदाबाच्या वा साखरेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दूरदर्शनवर कोणी काहीही सांगो, आसनांनी सर्व रोग जातात यावर माझा विश्वास नाही. माझ्या सासूबाई दीड वर्ष करीत आहेत. त्यांचा गुडघा अजून दुखतो, गोळीही चालू आहे. पण देवापुढे त्या पाटावर बसतात आणि स्वतःच्या स्वतः उठतात.

कार्यकारिणीने सोमवारपासून मंडळाच्या खोलीत सकाळी साडेसहाचा वर्ग ठरविला आहे. उन्हे तापण्याच्या आत घरी परतता येईल. पोट रिकामे असावे. मात्र साखरेची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी येऊ नये, थोडे खाऊन यावे. नऊवारी नेसणाऱ्यांनी नऊवारीतच यावे, काही अडत नाही. खुर्च्या मंडळाच्या आहेत, सतरंजी मात्र प्रत्येकीने आपापली आणावी. आणि सुनांना विनंती, पहिले आठ दिवस सासूबाईंना आणून सोडा, व परत जाण्याऐवजी शेजारी तुमचीही सतरंजी टाका.