ओली परसबाग : आधी वाफसा, मग खुरपं



माघ-फाल्गुनात एखादी अवकाळी सर आली, की केमच्या काळ्या रानात नि परसात चिखल होतो. अशा वेळी घाई नको. ओली माती तुडवली की दबते, वाळल्यावर ढेकळं होतात, मुळं गुदमरतात. अंगणातल्या हिरवळीवरही तोवर पाय नको, गुरं नकोत.

वाफसा आला का, ते असं पाहा. वीतभर खोलीची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर खुशाल खुरपा. चपटा झाला तर थांबा. साचलेलं पाणी मात्र लगेच चर काढून घालवा.

मोरीजवळच्या लिंबाकडं खास लक्ष द्या. खोडाशी सतत ओल राहिली, की डिंक्या लागतो आणि पोसलेलं झाड हातचं जातं. मोरीचं पाणी केळी-अळूकडं वळवा. लिंबाला दुहेरी आळं करा. खोडालगत मातीची भर, पाणी बाहेरच्या आळ्यात. खोडाला बोर्डो मलम लावा : १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको.

पाणी द्यायला वेळ लागत नाही. थांबायला धीर लागतो.