टाकी धुण्याचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हसूं येईल. नभोवाणीवर बोलावें तर काव्यावर बोलावें, इतिहासावर बोलावें. पाण्याची टाकी धुण्यास किती पैसे पडावे हा कांहीं भाषणाचा विषय नव्हे, असें मला माझ्या घरांतूनच बजावण्यांत आलें आहे. परंतु मी पडलों जुना मॅट्रिक झालेला शाळामास्तर. उभा जन्म मुलांना हौदांचीं आणि नळांचीं गणितें घालण्यांत गेला. एका नळानें हौद चार तासांत भरतो, दुसऱ्यानें सहा तासांत रिकामा होतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर किती तासांत भरेल? उत्तर बारा. तें मुलांना येवो न येवो, मला पाठ होतें. मात्र त्या हौदांत उतरून तो धुणार कोण, हें कोणत्याहि गणितांत विचारलेलें नव्हतें, आणि मींहि तें कधीं विचारलें नाहीं. त्याचें उत्तर मला सेवानिवृत्तीनंतर मिळालें, आणि तें सांगण्याकरितांच मी येथें आलों आहे.

मी मुलुंडला राहतों. आमच्या सोसायटींत चोवीस बिऱ्हाडें आहेत, आणि निवृत्त मनुष्याला वेळच वेळ असतो या समजुतीनें खजिनदारी माझ्या गळ्यांत पडली आहे. इमारतीला दोन टाक्या. खालची टाकी जमिनीच्या पोटांत आहे. ती चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व दोन मीटर खोल, म्हणजे २४ घनमीटर, अर्थात् २४,००० लिटर पाणी मावणारी. गच्चीवरची तिच्या निम्मी, १२,००० लिटरांची. अंधेरी घ्या, बोरिवली घ्या, घाटकोपर घ्या, जुन्या इमारतींतून बहुधा हीच रचना आढळेल.

ही रचना कां करावी लागली, तें पाहूं. मुंबईला पाणी सात तलावांतून येतें. विहार तलावाचें पाणी शहरास १८६० सालीं मिळूं लागलें, तानसाचें १८९२ सालीं. मोडकसागर १९५७ सालचा, तर मध्य वैतरणा २०१४ सालचा. यांतील पुष्कळ पाणी आमच्या शेजारच्या भांडुप येथील केंद्रांत गाळलें जातें, त्यांत क्लोरीन मिसळलें जातें, आणि मग तें नळांत सोडलें जातें. परंतु बहुतेक वस्त्यांत तें दिवसाचे कांहीं तासच येतें. उरलेल्या तासांसाठीं तें सांठवून ठेवणें प्राप्त होतें. शहापूर तालुक्यांतून एवढी वाट चालून आलेलें पाणी आमच्या दाराशीं स्वच्छ पोंचतें. त्यापुढें टाकी आमची, आणि तिच्या तळचा गाळहि आमचाच.

हा गाळ म्हणजे बारीक माती, नळांतला गंज, आणि भिंतींना धरणारा बुळबुळीत थर. हा थर दिसण्यास किळसवाणा असतो, एवढाच त्याचा दोष नव्हे. पाण्यांत जें थोडें क्लोरीन उरलेलें असतें, तें हा थर खाऊन टाकतो. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळें क्लोरीन उरावें, असें भारतीय मानक आहे. टाकी घाण असेल तर केंद्रानें केलेली ही राखण आमच्या दाराशीं येऊन व्यर्थ जाते. म्हणून टाकी वर्षांतून दोनदां धुवावी, शक्यतों एकदां पावसाळ्यापूर्वीं आणि एकदां पावसाळ्यानंतर.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाकी धुतली कीं हिंवतापाचे डास गेले, असें पुष्कळांना वाटतें. हिंवताप डासांपासून होतो, याचा शोध रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस लावला. आणि मुंबईंत हा डास विहिरींत व टाक्यांत वाढतो, हें बेंटले यांनीं १९११ सालच्या अहवालांत दाखविलें. त्या डासाचें शास्त्रीय नांव ॲनॉफिलिस स्टिफेन्सी. अंड्यापासून उडता डास होण्यास मुंबईच्या उकाड्यांत आठ-दहा दिवस पुरतात, आणि आपण टाकी धुतों सहा महिन्यांनीं! डासाला अडवितें तें घट्ट बसणारें झाकण आणि हवेच्या नळीच्या तोंडाशीं लावलेली जाळी. ही किरकोळ डागडुजी आधीं करावी, आणि मग धुण्याच्या खर्चाकडे वळावें.

आतां तो खर्च. यंदा आम्हीं तीन दरपत्रकें मागविलीं. पहिल्यानें दोन्ही टाक्यांचे मिळून ३,००० रुपये सांगितले. दुसऱ्यानें लिटरला २५ पैसे, म्हणजे ३६,००० लिटरांचे ९,००० रुपये. तिसऱ्यानें लिटरला ४० पैसे, म्हणजे १४,४०० रुपये. त्यांत जोरदार फवारा, गाळ ओढणारें यंत्र आणि शेवटीं अतिनील किरणांचा दिवा अशी सर्व शोभा होती. या दिव्याविषयीं इतकेंच सांगतों कीं, त्याचे किरण जेथें पडतात तेथलेच जंतु मरतात, कोपऱ्याच्या सांवलींतले मरत नाहींत, आणि दिवा विझल्यावर मागें राखण कांहींच उरत नाहीं. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणानें भिंती व तळ धुवून नंतर खंगाळून काढण्याची जुनी रीत स्वस्त आहे आणि भरंवशाची आहे. मात्र पावडर ताजी असावी, आणि तिच्याशीं ॲसिडचा संबंध कधींहि येऊं देऊं नये. दोहोंच्या संयोगानें जो वायु सुटतो तो छातीला मारक असतो.

दुसऱ्या कंत्राटदाराशीं मीं जरा गणित केलें. तो म्हणाला, "मास्तर, लहान टाकी असो कीं मोठी, आमचा दर लिटरला एकच." मीं म्हटलें, "आपण लिटर घासतां कीं भिंती?" एक मीटर लांब, रुंद व उंच अशी हजार लिटरांची टाकी घेतली, तर तिच्या आंतल्या सहा बाजू मिळून ६ चौरस मीटर होतात. आमच्या खालच्या टाकीचा तळ १२, छत १२ आणि चार भिंती २८, मिळून ५२ चौरस मीटर. पाणी चोवीसपट, पण घासायची जागा नऊपटींहूनहि कमी! म्हणजे दर हजार लिटरांमागें लहान टाकींत ६ चौरस मीटर घासावे लागतात, मोठ्या टाकींत २ च्या किंचित् वर. तेव्हां मोठ्या टाकीचा लिटरमागें दर उतरला पाहिजे. गृहस्थ समंजस होता. लिटरला २० पैशांवर आला, ७,२०० रुपये ठरले.

श्रोतेहो, हिशेब येथेंच मिटला असता तर मी आज भाषणास आलों नसतों. कारण मोठ्या टाकीची घासाई जशी स्वस्त होते, तसें तिच्यांत दुसरें कांहीं महाग होतें. गच्चीवरची लहान प्लॅस्टिकची टाकी बाहेरून हात घालून धुतां येते. आमच्यासारखी टाकी धुवावयाची तर तिच्यांत माणूस उतरावा लागतो.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. तेव्हांहि खजिनदार मीच होतों. एका कंत्राटदारानें ३,५०० रुपये सांगितले. मीं मोठ्या ऐटींत घासाघीस करून ३,००० वर आणले, आणि सभेंत सभासदांनीं माझें कौतुकहि केलें. ठरल्या दिवशीं तीन माणसांऐवजीं दोन आलीं. मला त्याचें कांहीं विशेष वाटलें नाहीं. दुपारीं काम कसें चाललें आहे तें पाहण्यास खालीं गेलों, तों टाकीच्या तोंडाशींच पेट्रोलवर चालणारा पंप धडधडत होता, आणि वर कोणी नव्हतें. दुसरा गडी गच्चीवरच्या टाकीकडे गेला होता. मीं आंत हांक मारली. उत्तर आलें, पण तें झोंपेंतल्या माणसाचें असावें तसें. आंतला वीस-बावीस वर्षांचा मुलगा शिडीला धरून खालीं बसला होता.

आमच्या रखवालदारानें प्रसंगावधान राखलें. त्यानें पंप बंद केला, दोर खालीं सोडला, आणि मला आंत उतरूं दिलें नाहीं. मुलाला तेवढी शुद्ध होती. त्यानें दोर काखेखालून घेतला. आम्हीं दोघांनीं आणि धांवून आलेल्या एका शेजाऱ्यानें त्याला वर ओढलें. त्याला दवाखान्यांत नेलें, आणि संध्याकाळीं तो चालत घरीं गेला. जातांना त्यानें मला नमस्कार केला. त्याला माझा राग आलेला नव्हता, कारण पांचशें रुपयांची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. मला मात्र त्या रात्रीं हिशेब नीट कळला. मीं जे पांचशें रुपये वांचविले, तो टाकीच्या तोंडाशीं उभा राहणारा तिसरा माणूस होता.

प्रत्येक वेळीं दैव इतकें अनुकूल नसतें. ९ मार्च २०२५ रोजीं मुंबईंतच नागपाडा येथें, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या पाण्याच्या टाकींत सफाईसाठीं उतरलेले चार मजूर गुदमरून मरण पावले. पाण्याच्या टाकींत माणूस कसा गुदमरतो, असा प्रश्न आपणांस पडेल. आपण श्वास घेतों त्या हवेंत प्राणवायु सुमारें २१ टक्के असतो. तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खालीं गेला कीं जागा असुरक्षित मानतात. बंद टाकींत लोखंड गंजत असतें, गाळ कुजत असतो. दोन्ही क्रियांना प्राणवायु लागतो, आणि नवी हवा तर आंत येत नाहीं. तोंडाशीं इंजिन चालू असेल तर त्याचा विषारी धूर आंत उतरतो. त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं. जुनीं माणसें विहिरींत उतरण्यापूर्वीं पेटता कंदील सोडून पाहत, तें प्राणवायु आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून. परंतु कंदील जळत राहिला तरी हा विषारी वायु तेथें असूं शकतो, हें विसरूं नये.

म्हणून दरपत्रक हातीं आल्यावर रक्कम पाहण्यापूर्वीं मी आतां कांहीं प्रश्न विचारतों. टाकीचीं सारीं झांकणें कांहीं तास आधीं उघडणार कां? नळीच्या पंख्यानें आंत ताजी हवा सोडणार कां? हवा मोजण्याचें यंत्र आपणांकडे आहे कां? इंजिनाचा पंप तोंडापासून दूर राहील कां? आंत उजेड बॅटरीच्या दिव्याचा कीं ओल्या हातांत घरगुती विजेची तार? उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर असेल कां? आणि सर्वांत शेवटीं, वर कोण थांबणार, व तो चहालासुद्धां हलणार नाहीं ना? याउपर आंतला माणूस मूर्च्छित पडलाच, तर कोणीहि त्याच्या मागें उडी घेऊं नये. दोरानें ओढावें आणि १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलास बोलवावें. मदतीस उतरलेला माणूसहि त्याच हवेंत श्वास घेतो.

यंदाच्या कंत्राटदारानें तिसऱ्या माणसाचे व पंख्याचे १,२०० रुपये वेगळे सांगितले. मीं त्यांतला एक रुपयाहि कमी करण्यास सांगितलें नाहीं. एकूण ८,४०० रुपये झाले. वर्षांतून दोन वेळां १६,८००. चोवीस बिऱ्हाडांत वांटले तर दर घरास वर्षाला ७०० रुपये, म्हणजे महिन्याला साठ रुपयांच्या आंत. वार्षिक सभेंत एका सद्गृहस्थांनीं विचारलें, "मास्तर, ३,००० चें दरपत्रक असतांना हें कशाला?" मीं त्यांना पांचशें रुपयांची ती जुनी गोष्ट सांगितली. ती मीं तोंवर सभेंत कधीं सांगितली नव्हती. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग ठराव एकमतानें मंजूर झाला.

पावसाळा संपला कीं आपल्याहि इमारतींत टाकी धुण्याची सूचना लागेल. त्या दिवशीं बायकामंडळी पिंपें, बादल्या भरून ठेवतील, पुरुषमंडळी पाणी केव्हां येणार म्हणून विचारतील. माझी विनंति एवढीच कीं, घरांतल्या कोणी एकानें पांच मिनिटें खालीं जाऊन टाकीच्या तोंडाशीं कोणी उभें आहे कीं नाहीं, तें पाहून यावें.