जोहराच्या बांगड्या



डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शास्त्रज्ञ होते आणि पुढे देशाचे राष्ट्रपती झाले, हे आपले लहान मूलही सांगेल. परंतु त्यांची कॉलेजची फी कोणी भरली, असे विचारले तर आपण गप्प होतो. मला आज त्या फीविषयीच बोलावयाचे आहे. तीर्थपुरीसारख्या गावात दहावीनंतर मुलांचे, आणि त्याहून अधिक मुलींचे, शिक्षण अडते ते पुष्कळदा तेथेच.

कलामसाहेबांचा जन्म 15 ऑक्टोबर 1931 रोजी रामेश्वरमला झाला. वडील होडीचा धंदा करीत व मशिदीत इमामतही करीत. घर खाऊनपिऊन सुखी, पण शिल्लक नाही. महायुद्धाच्या काळात तेथे गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलण्यास चुलतभावाला मदत करून या मुलाने पहिली कमाई केली.

त्रिचनापल्लीला विज्ञानाची पदवी घेतल्यावर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांची निवड झाली. प्रवेशाला सुमारे हजार रुपये हवे होते. एवढी रक्कम वडिलांजवळ नव्हती. तेव्हा बहीण जोहराने आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. “मुलीच्या जातीला काय करायचे शिक्षण?” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मला तर नेहमी एक प्रश्न पडतो. जोहराला स्वतःला शिकायचे असते, तर तिच्यासाठी कोणी बांगड्या काढल्या असत्या काय?

त्या बांगड्या स्वकमाईने सोडवायच्या, असा कलामसाहेबांनी निश्चय केला. विद्यार्थ्याजवळ कमाईचा मार्ग एकच, शिष्यवृत्ती. आणि तीच एकदा जाण्याची वेळ आली. विमानाच्या आराखड्याचे त्यांचे काम पाहून संचालक प्रा. श्रीनिवासन नाराज झाले. कलामांनी महिना मागितला. सरांनी तीन दिवस दिले आणि काम न झाल्यास शिष्यवृत्ती बंद, असे बजावले. त्या रात्री ते जेवले नाहीत, ड्रॉइंगच्या फळीपुढून उठले नाहीत. रविवारी सर स्वतः पाहावयास आले आणि त्यांनी पाठ थोपटली. विद्यार्थी मित्रांनो, सर रागावले की घरी तक्रार नेण्यापूर्वी हे आठवा!

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. वायुदलाच्या निवडीत 25 जणांत नववा क्रमांक आला, जागा आठच होत्या. 10 ऑगस्ट 1979 रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली बनलेला एसएलव्ही-3 अग्निबाण समुद्रात कोसळला. 18 जुलै 1980 रोजी त्याच अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याच्या घन इंधनामागे आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांचे परिश्रम होते. 1997 साली कलामसाहेबांना भारतरत्न मिळाले आणि 25 जुलै 2002 रोजी ते राष्ट्रपती झाले.

2006 साली त्यांचे पन्नासएक नातेवाईक दिल्लीला राष्ट्रपतिभवनात आठवडाभर राहिले. राष्ट्रपतींचे पाहुणे म्हटल्यावर खर्च सरकारी खात्यातून झाला असता, कोणी हिशेब मागितला नसता. कलामसाहेबांनी तो होऊ दिला नाही. खोल्यांचे भाडे, जेवण, अगदी चहाच्या कपाचाही हिशेब ठेवावयास सांगितला. आणि पाहुणे गेल्यावर सुमारे साडेतीन लाख रुपयांचे बिल स्वतःच्या पैशातून चुकते केले.