फेरखटला लागला तरी हक्क संपत नाही
(मोलगीच्या मेळाव्यातलं भाषण)



जंगलाच्या केसेस आपल्याला नव्या नाहीत. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, आपण अपील केलं, शिक्षा रद्द झाली. गाव म्हणतं, सुटला! पण कधी कधी वरचं कोर्ट सांगतं, खटला नीट चालला नाही, पुन्हा चालवा. हा फेरखटला. म्हणजे माणूस सुटला नाही, पुन्हा आरोपी झाला.

मग कागद खाली येऊन पडतात. तारखेवर तारीख. आपल्या बाजूने बोलणारा साक्षीदार म्हातारा होतो, मरतो. प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं.

हे मुकाट सोसायचं का? नाही. आपले माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १० डिसेंबर १९९१ ला निकाल दिला. खटला लवकर चालणं हा घटनेच्या कलम २१ मधला, जगण्याचा हक्क आहे. तो तपासापासून अपिलापर्यंत आहे, आणि फेरखटल्यातही आहे. मुख्यमंत्र्याच्या केसमधला कायदा मोलगीच्या माणसालाही तोच.

पण किती वर्षांत संपवा, हे कोर्टाने ठरवून दिलेलं नाही. उशीर कोणामुळे झाला, ते कोर्ट बघतं. सरकारी साक्षीदार आला नाही, की आपणच गैरहजर होतो? उशीर फार झाला आणि अन्याय होत असेल, तर खटला रद्दही होऊ शकतो. आपोआप मात्र होत नाही.

म्हणून तीन कामं करा.

एक, रोजनाम्याची नक्कल काढा. कोणत्या तारखेला काय झालं, ते त्यात लिहिलेलं असतं. तोच आपला पुरावा.

दोन, खटला लवकर चालवा, असा लेखी अर्ज द्या. मागितलं नाही म्हणून हक्क जात नाही, पण मागून ठेवलं तर आपली बाजू भक्कम होते.

तीन, ऊसतोडीला गुजरातला जाण्याआधी वकिलाला तारीख विचारा. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, आणि उशिराचा दोषही आपल्यावर येतो.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने आदिवासीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. एकट्याने जाऊ नका, गावातले दोघं-तिघं सोबत जा.

जमिनीचा दावा जसा कागदावर लढतो, तसा हाही लढायचा. जिंदाबाद!