घरातली जुनी चोपडी



आज आम्ही आपल्या दारी मागणे घेऊन आलो आहोत. पैसा नको, धान्य नको. घरातली जुनी चोपडी दाखवा आणि आठवणीतली गोष्ट सांगा, एवढेच मागणे.

आपले महाळुंगे चाकण-तळेगाव रस्त्यावर आहे. आज इथे कारखान्यांच्या मालमोटारी धावतात. पण आपल्या मुलखातला व्यापार फार जुना. वर जुन्नरकडे नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, त्या घाटाने देशावरचा माल कोकणात कल्याण बंदराकडे उतरायचा. तिथे एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. पुढे 1830 साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. 1863 साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. मग पाठीवर गोण्या वाहणारे बैलांचे तांडे मागे पडले.

शाहिस्तेखानाने 1660 साली चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा लढला. हे पुस्तकात आहे. पण आपल्या पणज्याने बाजारात कांदा काय भावाने विकला? मीठ कुठून आणले? गाडी कुठे मुक्कामाला थांबायची? हे पुस्तकात नाही. ते आपल्या घरात आहे.

इतिहासाचार्य राजवाडे असेच गावोगाव हिंडले. लोकांच्या माळ्यावरची जुनी दप्तरे त्यांनी सोडवली, वाचली, छापली. पहिला खंड 1898 साली निघाला. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. लोकांनी दारे उघडली म्हणून हे घडले.

एक साधी गोष्ट घ्या. वीस मणांची खंडी. पण मण कुठे बारा पायलीचा, तर कुठे सोळा पायलीचा. 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि पायली-शेर मागे पडले. जुन्या कागदात “दोन खंडी जोंधळा” असे लिहिले असेल, तर तो नेमका किती? आपल्या गावचे माप कुणी सांगितले, तरच हिशेब लागेल. ते सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जुने वाडे पडताहेत. त्यांच्याबरोबर कागद उकिरड्यावर जाताहेत.

कुणी म्हणेल, “गुरुजी, कागद दाखवला अन् जमिनीची भानगड निघाली तर?” कुणाला सावकाराच्या वहीची लाज वाटेल. त्यांना आमचे सांगणे असे: कागद तुमच्याच घरी राहील. तुमच्यासमोर वाचू. तुम्ही हो म्हणाल तरच मोबाईलवर फोटो घेऊ. नाव नको म्हणाल, तर नाव लिहिणार नाही.

जुनी चोपडी बहुधा मोडी लिपीत असते. वाचता येत नाही म्हणून फेकू नका. तिला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा. कागद नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आजीला विचारा, बाजारहाट कसा व्हायचा? ती बोलेल तसेच लिहा. खाली तिचे नाव, वय, गाव आणि तारीख घाला.

आता आपण लिहायला शिकलो आहोत. काल आपल्या घरचा हिशेब दुसरा लिहायचा, आपण अंगठा उठवायचो. आज आपल्या गावचा इतिहास आपल्या हाताने लिहू या. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक आठवण लिहून आणावी. आम्ही वाट पाहतो.