फुलदाणींतील फुलें

उत्तनजवळचें पाली हें समुद्रकांठचें गांव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. येथील ख्रिस्ती कोळ्यांच्या घरांत क्रुसापाशीं किंवा मरियामातेच्या मूर्तीपुढें फुलें ठेवण्याची रीत आहे. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्मदिनीं आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनीं तर फुलांवांचून चालतच नाहीं. हिंदु घरांतील देव्हाऱ्याचीही तीच गोष्ट. फूल वाहणें आपल्या हाडींमासीं खिळलेलें आहे; परंतु आणलेलें फूल जगविणें मात्र पुष्कळांस साधत नाहीं. सकाळीं डौलानें उभा असलेला गुलाब सायंकाळीं मान टाकतो, आणि दोष येतो तो फुलवाल्याच्या माथीं.

हें फूल येतें कोठून? खाडीपलीकडे वसईच्या वाड्यांत सोनचाफा, मोगरा, जास्वंद यांची लागवड होते. उजाडण्यापूर्वींच तेथील माणसें फुलें खुडावयास लागतात आणि टोपल्या घेऊन सकाळच्या गाडीनें दादरचा बाजार गांठतात. इतक्या हातांच्या श्रमांनीं दारीं आलेली वस्तु एका दिवसांत केरांत जावी, हें कोणत्याही घरास भूषणावह नाहीं.

वास्तविक खुडलेलें फूल लगेच मरत नाहीं. पाकळ्यांतून आणि पानांतून पाण्याची वाफ होऊन जात असते, आणि देठांतील सूक्ष्म नळ्यांवाटे फूल खालून पाणी ओढीत असतें. देठ कापतांच त्या नळ्यांत हवा शिरते. पुढें पाण्यांत बुडालेलीं पानें कुजून जंतु वाढले, कीं नळ्यांचीं तोंडें बुजतात. म्हणजे पाण्यांत उभें असूनही फूल तहानेनें मरतें.

यास उपाय सोपा आहे. फुलदाणी घासून स्वच्छ करावी. देठाचें टोंक पाण्याखालीं धरून धारदार सुरीनें तिरपें कापावें. पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावीं. पाणी रोज बदलावें, आणि एक-दोन दिवसांनीं देठ पुन्हां थोडा छाटावा. समुद्रावरचा वारा सरळ आंत येतो अशा खिडकींत, पंख्याखालीं किंवा उन्हांत फुलें ठेवूं नयेत. पिकलेल्या केळ्यांशेजारीं तर मुळींच नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनें पुष्कळ फुलें अकालीं कोमेजतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पूजेचीं फुलें बहुधा देठाविना खुडलीं जातात. मोगरा किंवा चाफा उंच फुलदाणींत उभा कसा राहावा? त्यांस पसरट वाडगें किंवा ताम्हन हेंच योग्य. पाण्यावर तरंगणारीं पांच-सात फुलें खोलीभर सुवास देतात. जास्वंद बहुधा एकाच दिवसाची सोबतीण. ती पाण्याविनाही दिवसभर टवटवीत राहते. उंच फुलदाणी निशिगंधासाठीं राखावी. त्याच्या कळ्या खालून वर उमलत जातात. कोमेजलेलीं खालचीं फुलें काढीत गेल्यास दांडी कित्येक दिवस शोभते. हा निशिगंध, आणि दसऱ्याचा झेंडूही, मूळचे मेक्सिकोचे; पण आज त्यांस परके कोण म्हणेल?

फुलें मांडण्याची कला जपाननें शिखरास नेली. तिचेंही मूळ बुद्धापुढें फुलें वाहण्यांतच आहे. क्योतो येथील इकेनोबो सेन्केइ या पुजाऱ्यानें केलेल्या पुष्परचनेची नोंद १४६२ सालच्या एका रोजनिशींत सांपडते. त्या परंपरेचें सार असें, कीं फुलांइतकीच त्यांच्यामधील मोकळी जागाही महत्त्वाची. आपल्याकडे मात्र जितकीं फुलें अधिक तितकी शोभा अधिक, अशी समजूत. आणि दाटीवाटीनें कोंबलेल्या फुलदाणींत एकही फूल नीट दिसत नाहीं.

तेव्हां फुलें थोडीं आणावीं, पण त्यांची निगा राखावी. घरांतील एखाद्या मुलावर रोज सकाळीं पाणी बदलण्याचें काम सोंपवावें. दोन-तीन दिवस तें फूल त्याच्या हातून जगलें, म्हणजे रस्त्यांत येतां-जातां कळी तोडून टाकण्याची त्याची संवय आपोआप सुटेल. मग पालीची वेदी असो कीं देव्हारा असो, तेथें ठेवलेलें फूल खऱ्या अर्थानें वाहिलेलें असेल.