आवक किती, विसर्ग किती?



पावसाळा आला की पैठणमध्ये एकच प्रश्न असतो, "नाथसागरात पाणी किती?" धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ आहे. पण जाणता माणूस पुढे विचारतो, "आवक किती, विसर्ग किती?" २७ दरवाज्यांचा निर्णय एका आकड्यावर होत नाही.

संगणकाचंही तसंच असतं. माझं रोजचं काम म्हणजे सर्व्हरची आवक-जावक पाहणं. त्यासाठीची उत्तम साधनं मुक्त-स्रोत आहेत, म्हणजे फुकट मिळतात आणि त्यांची आतली रचनाही कुणालाही वाचता येते. 'प्रोमिथियस' २०१२ साली साउंडक्लाउड या गाण्यांच्या कंपनीत सुरू झालं. ते ठरावीक वेळाने आकडे गोळा करतं, आणि 'ग्राफाना' त्यांचे आलेख दाखवतं. आज मोठमोठ्या कंपन्या हीच साधनं वापरतात.

हे इथे सांगण्याचं कारण आपला माजी विद्यार्थी निधी. शाळेतले संगणक फार हळू चालतात, म्हणून सगळे नवे घ्यावेत, असा विचार चालू आहे. भावना चांगली आहे. माझी विनंती एवढीच, की आधी मोजू या.

या संगणकांवर लिनक्स आहे. त्यात 'व्हीएमस्टॅट' ही छोटी आज्ञा चालते. मुलांचा तास चालू असताना ती दर पाच सेकंदांनी आकडे दाखवेल. मेमरी अपुरी पडून डिस्कवर सतत ने-आण होत असेल, तर फक्त रॅम वाढवावी. मेमरी पुरेशी असूनही प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसत असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. प्रोसेसरच सतत पूर्ण भरलेला दिसला, तर मात्र नवा संगणक घेणं योग्य. एकदा पाहून निष्कर्ष काढू नये. 'सार' हे साधन दर दहा मिनिटांनी नोंद ठेवतं, त्या आठवडाभराच्या नोंदी पाहाव्यात.

या नोंदी नववीच्या मुला-मुलींनी घ्याव्यात, अशी माझी इच्छा आहे. मी ऑनलाइन त्यांच्यासोबत बसेन. पैसे वाचले तर ग्रंथालयाला देता येतील. आणि वाचले नाहीत, तरी खर्च का करायचा हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून कळलेलं असेल. 'उत्तर लिहिलंस, पण रीत कुठे आहे?' असं विचारणारे गुरुजी-बाई आपल्याला लाभले. ती रीत पुढच्या मुलांपर्यंत पोहोचवू या.